कार्टूनमधल्या माणसाचे फक्त ओठच का हलतात?

गेल्या महिन्यात भावाचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहायला होता, वय साडेपाच. दुपारची वेळ, टीव्हीवर कार्टून चालू, हा समोर मांडी घालून बसलेला आणि आई बाजूला मटार सोलत होती. आईला कार्टूनमध्ये काही इंटरेस्ट नाही, पण समोर चालू असलं की नजर जातेच. पंधरा-वीस मिनिटं बघून ती म्हणाली, "अगं, हा पोरगा मघापासून एवढा ओरडतोय पण हलत कुठे आहे? नुसते ओठ आणि एक हात. गणपतीतल्या हलत्या देखाव्यासारखं वाटतंय."

मला ते वाक्य इतकं पटलं की त्यावरूनच हे लिहायला घेतलं. कारण आईने जे सहज सांगितलं ना, त्यालाच अ‍ॅनिमेशनवाले लिमिटेड अ‍ॅनिमेशन म्हणतात, आणि हल्लीच्या टीव्ही कार्टूनबद्दल आपल्या ज्या तक्रारी असतात, सगळी सारखीच दिसतात, सतत आरडाओरडा असतो, तेच तेच एपिसोड लागतात, त्यांचा धागा तिथपर्यंत जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्कची जुनी वेबसाइट बंद झाली तेव्हा आपल्याकडेही लोक हळहळले, 'आमच्या वेळची कार्टून काय भारी होती' हे मी तेव्हा कितीतरी ठिकाणी वाचलं. पण भारी म्हणजे नेमकं काय होतं आणि पुढे कुठे बिनसलं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून मला जे कळलंय ते सांगते.

आधी बेसिक: चित्र हलतं म्हणजे काय होतं

शाळेत वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडा थोडा वेगळा माणूस काढून पानं फर्रर्र करून सोडायचो आठवतंय? माणूस पळायला लागायचा. कार्टून म्हणजे तेच, फक्त वही खूप जाड. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, फ्रेम म्हणजे वहीचं एक पान. आता सात मिनिटांचं कार्टून धरा. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, गुणिले २४, झाली १०,०८० पानं. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी डोळ्याला फारसं कळत नाही, त्यामुळे बरेचदा निम्म्यात भागतं, तरीसुद्धा एका पात्राची पाच हजारांवर चित्रं झाली. मांजर आणि उंदीर दोघं पळत असतील तर दुप्पट. आणि हे सगळं हाताने काढायचं, मग रंगवायचं, मग एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवून शूट करायचं.

टॉम अँड जेरी असं बनायचं. १९४० पासून एमजीएम या कंपनीत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी ते केलं, सात ऑस्कर मिळवले. ती कार्टून थिएटरमध्ये सिनेमाच्या आधी दाखवायला केलेली होती, टीव्हीसाठी नव्हतीच, त्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही हातात होतं. टॉम भिंतीवर आपटून चपटा होतो तेव्हा त्याच्या मिश्यासुद्धा वेगळ्या थरथरतात ते उगाच नाही.

शॉर्टकट काढला तोही त्याच दोघांनी

१९५७ मध्ये एमजीएमने कार्टून स्टुडिओच बंद केला. हॅना आणि बार्बेरा बाहेर पडले, स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीला दर आठवड्याला नवीन माल लागतो आणि पैसे मात्र थिएटरच्या मानाने अगदी थोडे. पुरणपोळी करणाऱ्या बाईला अचानक हजार पानांच्या पंगतीची ऑर्डर मिळाली आणि पैसे पिठल्याभाकरीचे मिळाले, तशी गत.

त्यांनी काय केलं, तर शरीराचे भाग सुटे केले. योगी बेअर आठवतोय? अस्वल, अंगात शर्ट नाही पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. ती फॅशन म्हणून नाहीये, कॉलरमुळे मान झाकली जाते, मग धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं बदलायचं, जोड दिसत नाही. फ्लिंटस्टोन्समधल्या फ्रेडच्या गळ्यातल्या टायचंही तेच काम. पात्र पळताना मागे तेच झाड, तेच घर, परत तेच झाड जातं, कारण मागचं चित्र एकच आहे, ते गोल गोल फिरवलंय. चालण्याची दोन पावलं काढायची आणि तीच परत परत वापरायची. बोलणारं पात्र कमरेपर्यंतच दाखवायचं म्हणजे पायांचा खर्च वाचला.

आता कॉम्प्युटर आला तरी तत्त्व तेच राहिलं. आता पात्राचे तुकडे एकदाच बनवून ठेवतात, डोकं, दंड, पंजे, डोळे, ओठांचे ठरलेले आकार, आणि ते सांध्यांवर जोडून कळसूत्री बाहुलीसारखे हलवतात. एकदा बाहुली तयार झाली की तिच्यावर शेकडो एपिसोड काढता येतात. आईला जे दिसलं ते हे.

आता गंमत बघा, शरीर हलत नाही म्हटल्यावर प्रेक्षकाला धरून ठेवणार कशाने? आवाजाने. टॉम अँड जेरीत बोलणं जवळजवळ नाहीच, तिथे शरीर बोलतं. नवीन पद्धतीत शरीर गप्प, म्हणून तोंड सतत चालू. चक जोन्स नावाचा फार मोठा अ‍ॅनिमेटर होऊन गेला, बग्ज बनीची कितीतरी उत्तम कार्टून त्याने केली, तो या प्रकाराला सचित्र रेडिओ म्हणायचा. हल्लीची कार्टून एवढी कर्कश का वाटतात याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

मग लिमिटेड म्हणजे वाईटच का?

अजिबात नाही, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण 'हाताने काढलेलं ते भारी, कॉम्प्युटरवालं टाकाऊ' हे जे सरसकट म्हणतात ते मला मान्य नाही.

'एक अनेक और एकता' आठवतंय का? दूरदर्शनवर लागायचं, चिमण्या, शिकाऱ्याचं जाळं, सगळ्यांनी मिळून उडायचं. १९७४ ची फिल्म्स डिव्हिजनची ती फिल्म, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, आपल्या मुंबईत जन्मलेल्या, आणि गाणं म्हणणारी छोटी मुलगी म्हणजे साधना सरगम. आज परत बघा, त्यात हालचाल किती कमी आहे ते जाणवेल. साधी चित्रं, सपाट रंग, बजेट काही फार नसणार. तरी पन्नास वर्षांनी माणसं ते गाणं पाठ म्हणतात. का, तर गोष्ट नीट बांधलेली, वसंत देसाईंचं संगीत, लहान मुलाच्या डोक्यात एक कल्पना कशी उतरवायची याचा पूर्ण विचार केलेला. जपानमध्ये १९६३ साली अ‍ॅस्ट्रो बॉय सुरू झालं तेव्हाही पैसे फारच कमी होते, ते बनवणाऱ्या ओसामू तेजुकांनी चित्रं स्थिर ठेवली, पण कॅमेऱ्याचा कोन आणि गोष्टीतली ओढ अशी ठेवली की आख्ख्या जपानी अ‍ॅनिमेशनचा रस्ता तिथून निघाला. आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१५ मध्ये नुसत्या आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती.

परत हलत्या देखाव्याकडे येते. पुण्यात रात्री देखावे बघायला गेलंय का कधी? अफजलखानाचा नुसता हात वर होतो, महाराजांची नुसती मान वळते, मागे मोटारचा आवाज येतोय, पण निवेदन चांगलं लिहिलेलं असेल आणि आवाज दमदार असेल तर पावसात पोराला खांद्यावर घेऊन लोक शेवटपर्यंत उभे राहतात. तेच निवेदन रटाळ असेल तर दोन मिनिटांत पुढच्या मंडळाकडे. हलणारे हात दोन्हीकडे तेवढेच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की चित्रांवर वाचवलेला पैसा आणि वेळ गोष्टीवर, आवाजावर, संगीतावर लागला तर लिमिटेड अ‍ॅनिमेशन उत्तम होतं. आपल्या टीव्हीची चूक ही झाली की चित्रांवर वाचवलं आणि गोष्टीवर पण वाचवलं.

पैसा येतो कुठून हे बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही

मुलं स्वतः काही विकत घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या चॅनेलवर जाहिरात करणारे मोजकेच. आपल्याकडे तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत असा नियम आहे, १० मिनिटं बाहेरच्या आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या. त्यात २०२२ मध्ये ग्राहक संरक्षणाचे नवीन नियम आले, त्यात चिप्स, कोल्ड्रिंक अशा जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या चॅनेलवर नकोत असं सांगितलंय. नियम चांगलाच आहे, मला त्यात वाद नाही, पण चॅनेलच्या गल्ल्यात तेवढी भर कमी हेही खरं.

मग दुसरा मार्ग म्हणजे वस्तू विकणे, दप्तर, डबा, वॉटरबॅग, कंपासपेटी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी कुठल्याही दप्तराच्या दुकानात जाऊन उभं राहा, कुठलं कार्टून सध्या जोरात आहे ते लगेच कळतं. याची सुरुवात अमेरिकेत झाली. ही-मॅनची खेळणी आधी आली १९८२ ला, आणि कार्टून नंतर, १९८३ ला. म्हणजे गोष्ट खेळण्यासाठी लिहिली गेली. त्या कार्टूनचे पहिल्याच सीझनला ६५ भाग केले होते. ६५ च का? आठवड्याला पाच दिवस, गुणिले तेरा आठवडे, म्हणजे बरोबर तीन महिने रोज एक नवीन एपिसोड, आणि मग परत पहिल्यापासून. एवढे भाग एवढ्या लवकर करायचे म्हणून ही-मॅन पळतानाचे, उडी मारतानाचे तेच शॉट वर्षभर वापरले. पुढे हा खेळण्यांचा प्रकार इतका वाढला की अमेरिकेत १९९० ला मुलांच्या टीव्हीसाठी वेगळा कायदा करावा लागला, त्यात जाहिरातींच्या वेळेवर मर्यादा घातली.

एकदा हे गणित कळलं की चॅनेलवाला नवीन गोष्टीला का घाबरतो ते कळतं. नवीन पात्र म्हणजे नवीन बाहुली बनवायचा खर्च, ते चालेल का माहीत नाही, दप्तरावर छापेल कोण. जुनं चाललंय ना, त्याचेच अजून शंभर भाग काढा.

लाडू आला, सिंघम आला, आणि सगळे एका साच्यातले

२००८ ला पोगोवर छोटा भीम आला, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा. मला त्याचं कौतुकच आहे. तोपर्यंत आपली मुलं जवळजवळ सगळी बाहेरचीच कार्टून बघत होती, आणि धोतर नेसलेला, लाडू खाणारा, गावात राहणारा मुलगा हिरो होतोय ही खरंच मोठी गोष्ट होती.

पण मग काय झालं, संकट आलं, भीम हरायला लागला, लाडू खाल्ला, भीम जिंकला, हा साचा इतका घट्ट बसला की गोष्टीत प्रश्न सोडवायला डोकं लागतच नाही. मुलाला तिसऱ्या मिनिटाला माहीत असतं शेवट काय आहे. पोरांच्या त्या टोळीत मुलगी मुख्य एकच, चुटकी, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते कालियाचं. टोळीतला दांडगट, बढाया मारणारा, सगळ्यात सावळा आणि जाडा मुलगा, आणि त्याचं नाव कालिया. आपल्या देशात, जिथे निम्म्या वर्गातली मुलं सावळी असतात, तिथे चार वर्षांच्या मुलाला रोज दुपारी हे दाखवायचं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. नाव बदलणं, रंग बदलणं याला एक पैसा जास्त लागला नसता.

त्यानंतरचा ट्रेंड म्हणजे मोठ्यांचे हिंदी सिनेमे लहान करून आणणे. २०१८ ला लिटिल सिंघम, २०१९ ला गोलमाल ज्युनियर, २०२० ला सिम्बा, २०२१ ला दबंग. कारण वरचंच, नाव आधीच ओळखीचं आहे, धोका कमी. पण सिंघम, दबंग हे मुळात मोठ्यांसाठीचे मारामारीचे सिनेमे, त्यातला पोलीस कायदा बाजूला ठेवून हाताने निकाल लावतो म्हणून टाळ्या पडतात, तो माणूस छोटा करून पाच वर्षांच्या मुलाला हिरो म्हणून देणं ही मला चूक वाटते. मुलांची स्वतःची एक दुनिया असते, हरवलेला पेन्सिलीचा तुकडा, बाईंनी रागावणं, बेस्ट फ्रेंडशी कट्टी, त्यातून केवढ्या गोष्टी निघतात. चिंटू ही चित्रमालिका वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं त्याच्यावरच चालली की.

"मुलांना आवडतं ना, मग तुला काय प्रॉब्लेम?"

हे मला हमखास ऐकायला लागतं. आवडतं, मान्य. मुलांना बर्फाचा गोळा पण आवडतो, आपण रोज जेवणाऐवजी देत नाही.

पण नुसतं असं म्हणून भागत नाही, म्हणून एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये चार वर्षांची ६० मुलं घेतली. काहींना नऊ मिनिटं खूप वेगाने सीन बदलणारं कार्टून दाखवलं, काहींना संथ कार्टून, काहींना चित्रं काढायला बसवलं. लगेच नंतर लक्ष देणे, थांबणे, सांगितलेलं लक्षात ठेवून करणे अशा छोट्या टेस्ट घेतल्या. वेगवान कार्टून बघितलेली मुलं त्यात मागे पडली. आता यातून कार्टूनने मेंदू बिघडतो असं काही सिद्ध होत नाही हं, मुलं थोडीच होती आणि परिणाम फक्त लगेचचा मोजलाय, दुसऱ्या दिवसाचं त्यात काही नाही. पण कार्टून बंद केल्याबरोबर पोरगं दहा मिनिटं चिडचिड का करतं याचा अंदाज मला तरी त्यातून आला.

नुकसान डोळ्याला दिसलं की सगळे जागे होतात. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळे लाइट काही सेकंद झपाझप चमकले आणि सहाशेवर मुलांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, झटके, उलट्या, चक्कर. मालिका चार महिने बंद होती, आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे नियम तिथल्या टीव्हीवाल्यांनी कायमचे बदलले. साच्यातल्या गोष्टींनी कोणी हॉस्पिटलमध्ये जात नाही, म्हणून त्यावर कोणी बसून विचार करत नाही.

"आपण पण तेच तेच बघायचो की"

हो, आणि लहान मुलांना तेच परत बघायला खरंच हवं असतं, पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे याचा त्यांना आनंद होतो, आजीला तीच गोष्ट रोज सांगायला लावतात ना तसं. चॅनेललाही ते सोयीचं, दर तीन-चार वर्षांनी नवीन मुलं येतात, त्यांना जुना एपिसोड नवीनच.

फरक कुठे आहे सांगू, दूरदर्शनवर मोगली रविवारी सकाळी लागायचा, जपानी मालिका, हिंदीत डब केलेली, आणि मग पुढचे सहा दिवस आम्ही वाड्यात मोगली-मोगली खेळायचो. शेरखान कोण होणार यावरून भांडणं. एपिसोड अर्ध्या तासाचा आणि खेळ आठवडाभराचा. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ ला आलं तेव्हाही रात्री कार्टून संपून इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, म्हणजे चॅनेलच आपल्याला उठवायचं. आता चोवीस तास चालू, आणि ते संपलं तर मोबाइल. मधला रिकामा वेळ, जिथे मूल ती गोष्ट स्वतःची करून घेतं, तोच गेला.

आणि मराठी कुठेय?

भाचा भूक लागली की म्हणतो, "आजी, मुझे भूक लगी है." घरात कोणी हिंदी बोलत नाही. त्याला हिंदी येतंय याचं मला वाईट वाटत नाही, भाषा जेवढ्या येतील तेवढ्या चांगल्या, पण खेळताना, एकटा बडबडताना, रागावताना त्याच्या तोंडात पहिली हिंदी येते, मराठी नंतर. बांगलादेशात हेच झालं होतं, मुलं हिंदी डोरेमॉन बघून हिंदीत बोलायला लागली आणि २०१३ मध्ये सरकारने ते प्रसारण बंद केलं. मी काही बंदीच्या बाजूची नाही. पण दक्षिणेत बघा, तमिळमध्ये चुट्टी टीव्ही हे मुलांचं चॅनेल २००७ लाच आलं, मग तेलुगूत, कन्नडमध्ये, मल्याळममध्ये एकेक. आपण मात्र हिंदी समजतं या एका कारणाने गिऱ्हाईक म्हणून मोजलेच गेलो नाही. अलीकडे ईटीव्ही बालभारत मराठीत आलं, चांगलं झालं. पण डबिंगमध्ये अजून खूप काम व्हायला हवं असं मला वाटतं. ओठांच्या हालचालीत बसवायचं म्हणून वाक्यं अशी पिळतात की ते मराठी कोणाच्याच घरात बोललं जात नाही, "अरे व्वा, हे तर खूपच छान आहे मित्रांनो" असं कुठलं मूल बोलतं हो? मूल म्हणतं "भारीये यार". मराठी रंगभूमीवर बालनाट्य करणारी इतकी चांगली माणसं आहेत, त्यांच्याकडून हे संवाद लिहून घेतले तर चित्राचा खर्च शून्य आणि फरक केवढा.

एक प्रयोग घरी करून बघा

कार्टून लावा आणि आवाज बंद करा. गोष्ट कळते का? मग आवाज चालू ठेवून डोळे मिटा. नुसत्या आवाजावर सगळं कळत असेल तर तो चक जोन्सवाला रेडिओ. दोन्हीत मजा येत असेल तर ते कार्टून मुलाला बिनधास्त दाखवा.

आम्ही भाच्याबरोबर केलं. नेहमीच्या कार्टूनचा आवाज बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात तो रिमोट शोधायला लागला. टॉम अँड जेरीचा बंद केला तर त्याला कळलंच नाही, हसत होता. मग मी नेटफ्लिक्सवरचं मायटी लिटल भीम लावलं, २०१९ ला आलेलं, छोटा भीम बनवणाऱ्या त्याच स्टुडिओचं. भीम इथे रांगणारं बाळ आहे आणि वाक्य एकही नाही, बाळ फक्त बाळासारखे आवाज काढतं. म्हणजे त्याच लोकांना हे जमतं, नीट जमतं, वेळ आणि पैसा मिळाला की.

त्यात बोलणं नाही म्हटल्यावर दोन मिनिटांनी आईच बोलायला लागली. "अरे लबाडा, लाडू हवाय होय तुला? थांब, आता आई येईल हं तुझी, बघ बघ, पडशील!" भाचा एकदा टीव्हीकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. मग तोही सुरू झाला, "आजी, तो आता पातेल्यात बसणारे बघ, मला माहितीये." दोघांनी मिळून तीन एपिसोड असे काढले, मटार तसेच राहिले.